सर्रा रोगाचा इतिहास आणि दुर्लक्षित यजमान : विदर्भातील पशुधनाच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

कीटकांमार्फत पसरणारे परजीवी जनावरांच्या शरीरात वर्षानुवर्षे कसे टिकून राहतात आणि एका प्राण्याकडून दुसऱ्या प्राण्याकडे कसे जातात, हा प्रश्न सामान्यतः पशुवैद्यकाचा समजला जातो. परंतु या रोगांचे ज्ञान कोणत्या जनावराच्या निमित्ताने निर्माण झाले आणि कोणते जनावर त्या ज्ञानाच्या कक्षेबाहेर राहिले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत शोधनिबंधात ‘सर्रा’ या रोगाचा १८८० पासूनचा इतिहास अभ्यासण्यात आला असून, २००४ मध्ये विदर्भात आढळलेल्या मानवी रुग्णाच्या संदर्भात त्याचा पुनर्विचार करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : सर्रा, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, परजीवी, यजमान प्राणी, वसाहतकालीन पशुवैद्यक, विदर्भ.

प्रस्तावना

भारतीय शेतीचा इतिहास लिहिताना जमीन, महसूल, कर्ज आणि पीक या घटकांचा सविस्तर विचार झाला आहे. वऱ्हाडच्या बाबतीत तर कापूस आणि रेल्वे या दोन विषयांनी इतिहासलेखनाचा मोठा भाग व्यापलेला आहे. मात्र ज्या बैलांच्या बळावर ही काळी जमीन नांगरली गेली व ज्यांच्या गाड्यांतून कापूस बाजारात पोहोचला, त्या बैलांच्या आरोग्याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. बैल मेला की शेतकरी कर्जात जातो, हे सर्वांना ज्ञात आहे. पण बैल न मरता हळूहळू अशक्त होत जातो तेव्हा काय होते, याची नोंद क्वचितच कोठे होते. सर्रा हा अशा प्रकारच्या हानीचा रोग आहे. ‘सर्रा’ हा लोकभाषेतला शब्द असून त्याचा अर्थ सडलेले, कुजलेले असा सांगितला जातो. रोगी घोड्यास थांबूनथांबून ताप येतो, रक्तक्षय होतो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो आणि खाणे चालू असतानाही तो झिजत जाऊन बहुधा मृत्यू पावतो. उंटांमध्ये हाच आजार दीर्घकाळ, कधी तीन पावसाळ्यांपर्यंत चालतो. म्हणून वायव्य भारतातील उंटपालक त्यास ‘तिबरसा’ म्हणतात. गाय, बैल व म्हैस यांच्यात मात्र तो पुष्कळदा बाह्य लक्षणांवाचून राहतो. एकच परजीवी तीन यजमानांत तीन प्रकारे वागतो, हा या अभ्यासाचा मुख्य धागा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सर्रा रोगाच्या शोधामागील लष्करी व प्रशासकीय पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) परजीवीच्या टिकून राहण्याची व पसरण्याची यंत्रणा कशी उलगडत गेली याचा आढावा घेणे.
३) विदर्भातील २००४ च्या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

१. लष्करी घोडा आणि सर्रा रोगाचा शोध

१८७८ मध्ये कलकत्ता येथे टिमोथी लुईस यांना उंदरांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव आढळले. हे उंदीर वरकरणी निरोगी होते. त्यामुळे रक्तातील असे जीव निरुपद्रवी असतात, ते रोगाचे कारण नव्हेत, हे मत तत्कालीन वैद्यकीय वर्तुळात दृढ झाले. अशा वातावरणात १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स (१८३५–१९३५) या लष्करी पशुवैद्यकास पंजाबच्या सरहद्दीवरील डेरा इस्माईल खान येथे पाठविण्यात आले. तेथे लष्कराची घोडी व उंट सर्रा रोगाने मरत होते. इव्हान्स यांनी रोगी जनावरांच्या रक्तात परजीवी पाहिले आणि रोगी रक्त निरोगी जनावरास टोचल्यास रोग उद्भवतो हे दाखविले. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा हा पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोम होय. तथापि या निष्कर्षास वरिष्ठ वर्तुळात तत्काळ मान्यता मिळाली नाही.

या शोधाची प्रेरणा लक्षात घेणे आवश्यक आहे. इव्हान्स यांना सरहद्दीवर पाठविण्याचे कारण शेतकऱ्याचे पशुधन नव्हते. घोडदळ व लष्करी वाहतूक यांवर साम्राज्याची सुरक्षितता अवलंबून होती आणि घोडा महाग होता. १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील यांनी ब्रह्मदेशातील लष्करी वाहतुकीच्या खेचरांमध्ये हाच रोग अभ्यासला व परजीवीस इव्हान्स यांचे नाव दिले. तेव्हा त्याचे वर्गीकरण चुकीचे झाले होते, ते पुढे दुरुस्त होऊन ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ हे नाव रूढ झाले. हेच स्टील १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत. महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय शिक्षणाचा आरंभ आणि सर्रा रोगाचे संशोधन हे अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या कार्यात जोडले गेले आहेत.

२. पुण्याची प्रयोगशाळा

९ डिसेंबर १८८९ रोजी पुणे येथील विज्ञान महाविद्यालयात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. पुढे तिचाच विस्तार भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत झाला. अल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. घोड्यांतील सर्रा रोगावरील त्यांचा विस्तृत अहवाल १८९३ मध्ये मुंबई येथे प्रसिद्ध झाला. संसर्गजन्य रोगांवरील प्रयोग लोकवस्तीपासून दूर व्हावेत म्हणून त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. परिणामी पुण्याचा या इतिहासातील सहभाग अवघ्या काही वर्षांपुरता मर्यादित राहिला.

लिंगार्ड यांच्या अहवालाचा विषय ‘घोड्यांचा सर्रा’ असा होता. पुढे १८९९ चा ग्लँडर्स व फार्सी कायदा आणि १९१० चा दूरीन कायदा हे जनावरांच्या रोगांसंबंधीचे दोन महत्त्वाचे केंद्रीय कायदेही घोडा, खेचर व गाढव यांच्याच रोगांभोवती रचले गेले होते. अनेक प्रकारच्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी एकच केंद्रीय कायदा २००९ मध्ये झाला आणि त्याने वरील दोन्ही कायदे रद्द केले. म्हणजेच सुमारे शंभर वर्षे केंद्रीय कायद्याची दृष्टी प्रामुख्याने अश्ववर्गावर केंद्रित होती.

३. माशीची भूमिका

आफ्रिकेतील झुलुलँड येथे १८९४ ते १८९६ या काळात डेव्हिड ब्रूस यांनी ‘नागाना’ या रोगाचा अभ्यास केला व त्सेत्से माशी हा परजीवी वाहून नेते हे सिद्ध केले. भारतात मात्र त्सेत्से माशी नाही. मग येथे रोग पसरतो कसा, या प्रश्नाचे प्रायोगिक उत्तर लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी रोगी जनावरावर बसलेल्या मोठ्या चावऱ्या माश्या लगेच निरोगी जनावरावर सोडल्या असता रोग झाला. माश्यांना मधे बराच काळ ठेवले असता झाला नाही.

या प्रयोगाचा अर्थ पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केला. त्सेत्से माशीच्या शरीरात परजीवीची वाढ होते व त्याच्या अवस्था बदलतात. सर्रा रोगात असे काही घडत नाही. टॅबॅनस वर्गातील माशी, जिला ग्रामीण भागात गोमाशी किंवा घोडमाशी म्हणतात, ती त्वचा चिरून रक्त पिते. तिचा चावा अतिशय वेदनादायक असल्यामुळे जनावर शेपटी मारते, कातडी थरथरविते आणि माशी अर्धवट भुकेली उठून शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या तोंडाच्या भागांवर राहिलेल्या रक्ताच्या अत्यल्प अंशातून परजीवी दुसऱ्या शरीरात जातो. येथे माशीचे काम एखाद्या दूषित सुईसारखे असते. म्हणूनच एकाच सुईने अनेक जनावरांना टोचल्यासही हा रोग पसरू शकतो. दावणीला किंवा पाणवठ्यावर जनावरे जितकी जवळ असतील, तितका हा मार्ग सुलभ होतो.

या परजीवीचे मूळ आफ्रिकेतील ट्रिपॅनोसोमा ब्रूसाय या जातीत आहे, असे आधुनिक जनुकीय अभ्यास सांगतात. त्सेत्से माशीच्या शरीरात वाढण्यासाठी आवश्यक असलेले एक विशिष्ट जनुकीय द्रव्य त्याने अंशतः किंवा पूर्णतः गमावले आहे. या हानीमुळे तो त्सेत्सेत वाढू शकत नाही. परंतु त्याचबरोबर त्सेत्सेच्या प्रदेशाचे बंधनही त्याच्यावर राहिले नाही. कोणतीही चावरी माशी चालत असल्यामुळे तो उंट, घोडे व गुरे यांच्याबरोबर उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिका येथपर्यंत पोहोचला. दक्षिण अमेरिकेत तर रक्त पिणारे वटवाघूळ हे त्याचे वाहकही आहे आणि यजमानही. मांसाहारी प्राण्यांना संक्रमित कच्चे मांस खाल्ल्यानेही संसर्ग होऊ शकतो. जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १२ वाघ मृत्युमुखी पडले, तेव्हा ट्रिपॅनोसोमाचा संसर्ग हे कारण सांगण्यात आले होते.

४. निरोगी दिसणारा यजमान

माशीच्या तोंडावर परजीवी फार काळ जिवंत राहत नाही. मग माश्या अत्यल्प असणाऱ्या महिन्यांत रोग कोठे असतो? याचे उत्तर यजमानाच्या रक्तात आहे. परजीवीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे दाट आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्ती त्या आवरणास ओळखून बहुसंख्य परजीवी नष्ट करते, तोच काही परजीवींनी वेगळे आवरण धारण केलेले असते व त्यांची संख्या पुन्हा वाढते. ताप येणे, उतरणे व पुन्हा येणे यामागे हे चक्र आहे. घोडा या झगड्यात बहुधा हरतो. गाय-म्हैस यांच्या रक्तात मात्र परजीवी अल्प प्रमाणात दीर्घकाळ राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासले तरी तो दिसेलच असे नाही.

याचे ऐतिहासिक पुरावे जहाजवाहतुकीत सापडतात. १९०१–०२ मध्ये भारतातून गेलेल्या गुरांबरोबर सर्रा मॉरिशसमध्ये पोहोचला आणि तेथील घोडे, खेचरे व गुरे मोठ्या प्रमाणावर मेली. १९०६ मध्ये टेक्सासमधील पशुपालकांसाठी भारतीय वंशाची गुरे अमेरिकेत नेण्यात आली. न्यूयॉर्कजवळ विलगीकरणात असताना त्यांपैकी काहींमध्ये हा परजीवी आढळला व ती जनावरे नष्ट करण्यात आली. भारतातून निघताना ही गुरे विक्रीयोग्य, म्हणजेच निरोगी समजली गेली होती. घोडा मरून रोग जाहीर करतो. परंतु रोगाचा साठा गुरांमध्ये असू शकतो, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

भारतीय प्रशासनाने या निष्कर्षाचा शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी पुरेसा उपयोग केला नाही. त्यामागे वसाहतकालीन हिशेब होता. ज्या बैलाची किंमत लष्करी घोड्याच्या तुलनेत अल्प आणि ज्याचा मृत्यूही सहसा या रोगाने होत नाही, त्याच्या रक्ताची नियमित तपासणी खर्चिक ठरत होती. औषधोपचाराचा मार्ग उपलब्ध होत गेला, हे खरे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत सुरामिन, १९४९ मध्ये क्विनापायरामिन व १९५५ मध्ये डायमिनाझिन ही औषधे पुढे आली. परंतु औषध हे आजारी दिसणाऱ्या जनावरालाच दिले जाते. न दिसणाऱ्या आजारासाठी कोणी दवाखान्याची वाट धरत नाही.

५. बुळकांडीशी तुलना

या मुद्द्याचे स्पष्टीकरण बुळकांडीच्या तुलनेने होते. बुळकांडीने गुरे झपाट्याने व मोठ्या संख्येने मरत. त्यामुळे १८७१ मध्येच भारतातील गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल तयार झाला, स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम राबविला गेला, २००६ मध्ये भारतास रोगमुक्तीची मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. या यशात परिणामकारक लस हा निर्णायक घटक होता. बुळकांडीतून वाचलेल्या जनावरास आजन्म प्रतिकारशक्ती मिळते व ते विषाणूचा साठा बाळगत नाही.

सर्रा रोगात नेमके उलट आहे. आवरण बदलणाऱ्या परजीवीविरुद्ध लस तयार होऊ शकलेली नाही आणि वाचलेले जनावर हाच रोगाचा साठा असतो. शिवाय त्याची हानी विखुरलेली असते. दूध घटते, गाभण जनावर गाभडते, नांगरटीच्या ताणाखाली सुप्त संसर्ग डोके वर काढतो. म्हशींमधील अभ्यासात असे दिसून आले आहे की, या संसर्गामुळे घटसर्पाच्या लसीस मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो. म्हणजे लस टोचूनही जनावर घटसर्पाने दगावले, तर दोष लसीला दिला जाईल आणि सर्रा अनुल्लेखित राहील. मृत्यूच्या आकड्यांवर आधारलेल्या इतिहासात अशा रोगास स्थान मिळत नाही.

६. विदर्भातील २००४ ची घटना

माणसाच्या रक्तद्रवात ‘अपोलायपोप्रोटीन एल-वन’ नावाचे प्रथिन असते व ते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीस नष्ट करते. त्यामुळे सर्रा हा केवळ जनावरांचा रोग आहे, ही धारणा शंभराहून अधिक वर्षे टिकून होती. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम आढळले. त्यास सुमारे पाच महिने थांबूनथांबून ताप येत होता. नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने केलेल्या तपासण्यांतून हा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच असल्याचे निश्चित झाले. मेंदू व मज्जासंस्थेत संसर्ग पोहोचलेला नव्हता आणि सुरामिनच्या उपचाराने रुग्ण बरा झाला. पूर्ण तपासणीने सिद्ध झालेला हा जगातील पहिला मानवी रुग्ण होय. या रुग्णाच्या रक्तात वरील संरक्षक प्रथिन जनुकीय दोषामुळे तयारच होत नव्हते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही घटना एका व्यक्तीच्या दुर्मीळ जनुकीय दोषापुरती मर्यादित मानता येईल काय? पुढील दोन बाबी तसे मानू देत नाहीत. रुग्णाच्या गावातील १८०६ व्यक्तींची प्रतिद्रव्य चाचणी करण्यात आली, तेव्हा रक्ताच्या प्राथमिक चाचणीत ४१० व्यक्ती, म्हणजे २२.७ टक्के, सकारात्मक आढळल्या. रक्तद्रवाच्या चाचणीत त्यांपैकी ८१ निश्चित झाल्या. तीव्र प्रतिसाद देणाऱ्या ६० व्यक्तींच्या रक्तात प्रत्यक्ष परजीवी मिळाला नाही. याचा अर्थ हे लोक आजारी नव्हते. परंतु परजीवीशी त्यांचा संपर्क वारंवार येत असावा. दुसरी बाब अशी की, २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये आढळलेल्या एका रुग्ण स्त्रीमध्ये संरक्षक प्रथिनाचे जनुक पूर्णतः सामान्य होते.

इतिहासाच्या दृष्टीने चंद्रपूरच्या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. ज्या गोठ्याकडे साम्राज्याच्या प्रयोगशाळेने पुरेसे पाहिले नाही, त्याच्याकडे लक्ष वेधण्यासाठी माणूस आजारी पडावा लागला. गावातील माणसांची चाचणी झाली ती जनावरांच्या रोगाच्या निमित्ताने. आणि जनावरांमधील रोगाची व्याप्ती जगापुढे आली ती माणसाच्या निमित्ताने.

७. वडनेर भोलजी परिसराच्या संदर्भात

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे पूर्णेच्या खोऱ्यातील गाव मुंबई–नागपूर–कोलकाता महामार्गावर आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व आता ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गास जवळजवळ समांतर असा भुसावळ–नागपूर लोहमार्ग जातो. १८६७ मध्ये हा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. त्यापूर्वी मालाची वाहतूक बैलगाड्या व बंजारा तांड्यांच्या लमाणी बैलांवर होत असे. रेल्वे आल्यावर लांबचा माल आगगाडीने जाऊ लागला, पण शेतापासून बाजारापर्यंतचा रस्ता बैलाकडेच राहिला. आज या महामार्गावरून जनावरे ट्रकने एका दिवसात शेकडो किलोमीटर जातात.

परजीवीच्या प्रसारास लागणारे घटक अशा परिसरात एकत्र आढळतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर दीर्घकाळ ओल राहते व चावऱ्या माश्यांची पैदास वाढते. गाय, बैल, म्हैस, शेळी व कुत्रा एकाच अंगणात असतात. हंगामानुसार धनगरांचे कळप घोड्यांसह आणि कच्छकडील रबारींचे कळप उंटांसह विदर्भात येतात. आठवडी बाजारात अनोळखी जनावरे तासन्‌तास खांद्याला खांदा लावून उभी राहतात. येथे एक दक्षता आवश्यक आहे. फिरत्या पशुपालकांना रोगाचे वाहक ठरविणे सोपे, परंतु अन्यायकारक आहे. त्यांचा घोडा वा उंट रोगाचा बळीही असू शकतो. स्थानिक निरोगी दिसणारी म्हैस हीही साठा असू शकते.

कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगाचा आणि बाजाराचा संबंध अलीकडे लम्पी चर्मरोगाने दाखवून दिला. तो विषाणूजन्य असला तरी २०२२ मध्ये राज्यात गुरांचे बाजार बंद करावे लागले आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना मोठी झळ बसली. लम्पीच्या गाठी डोळ्यांना दिसत होत्या, म्हणून शासन व शेतकरी दोघेही तत्परतेने हलले. सर्रा रोगास अशा गाठी नाहीत.

संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची रीत या भागात जुनी आहे. माशीला जनावरापासून दूर ठेवणे हा या रोगाच्या साखळीतील एक कच्चा दुवा असल्याने त्या रीतीमागील अनुभव योग्य दिशेचा आहे, असे म्हणता येते. तथापि रक्तातील साठ्यावर धुराचा उपाय चालत नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

निष्कर्ष

१) सर्रा रोगाचे आरंभीचे ज्ञान लष्करी घोडा, खेचर व उंट यांच्या निमित्ताने निर्माण झाले. यजमानाच्या किमतीने संशोधनाची व कायद्याची दिशा ठरविली.
२) परजीवीचा प्रसार माशीमुळे होतो, पण त्याचे सातत्य लक्षणरहित गुरांमुळे राहते. केवळ आजारी जनावरांच्या उपचारावर आधारलेली व्यवस्था म्हणूनच अपुरी ठरते.
३) बुळकांडीचे उच्चाटन आणि सर्रा रोगाचे टिकून राहणे यांतील फरक जैविक आहे, तसाच प्रशासकीयही आहे. मारणाऱ्या रोगाची गणना झाली. झिजविणाऱ्या रोगाची झाली नाही.
४) २००४ च्या घटनेने माणसाचे व जनावराचे आरोग्य वेगळे मोजता येत नाही हे विदर्भाच्या भूमीवर सिद्ध केले.
५) नागपूर येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय व २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ कार्यरत आहे. तेथील प्रयोगशाळा आणि ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, प्राणिशास्त्र व अर्थशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन बाजारांच्या नोंदी, पशुदवाखान्यांतील नोंदवह्या आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी यांचे संकलन केल्यास बैलाच्या आरोग्याचा इतिहास लिहिता येईल. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास त्यावाचून अपूर्ण आहे.